जुनं घर घेताना गिझर, एसी, मोटार आणि बाकीची उपकरणं कशी तपासावीत

भुसावळात रेल्वेतून निवृत्त होणारी माणसं क्वार्टर सोडायच्या वर्षभर आधीपासून घर शोधायला लागतात. उभी नोकरी क्वार्टरमध्ये गेलेली असते. पंखा बिघडला की तक्रार लिहून यायची आणि खात्याचा माणूस येऊन दुरुस्त करून जायचा, अशी सवय. त्यामुळे स्वतःचं घर घेताना ते सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, भिंतींच्या भेगा, गच्चीची गळती सगळं बघतात, आणि घरातल्या विजेच्या वस्तू मात्र एकेक बटण दाबून दोन मिनिटांत उरकतात. मी वायरमन आहे. अशा लोकांबरोबर घर बघायला जाणं गेल्या काही वर्षांत माझ्या कामातच जमा झालंय.

मार्चमधली एक सकाळ सांगतो. एका काकांना रो-हाउस पसंत पडलं होतं. मालकाने बाथरूममध्ये गिझरचं बटण दाबलं, लाल दिवा लागला. "देखा भाऊ, सगळं चालू शे." काकांनी मान हलवली आणि पुढच्या खोलीकडे वळले. मी त्यांना थांबवलं. गिझरच्या एका वायरला क्लॅम्प मीटर लावला. २ किलोवॅटचा गिझर साधारण साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो. मीटरवर शून्य. वीस मिनिटांनी गरम पाण्याचा नळ सोडला, पाणी जसं होतं तसंच. कॉइल जळालेली होती. बऱ्याच गिझरमध्ये दिवा कॉइलला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे कॉइल गेली तरी दिवा लागतोच. मालक खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. गच्चीवर सोलर असल्यामुळे त्यांनी तो गिझर दोन वर्षांत वापरलाच नव्हता.

म्हणून "चालू आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. वस्तू तिचं काम करताना बघायची, पुरेसा वेळ बघायची, आणि जे दिसलं ते व्यवहाराच्या कागदावर आणायचं.

अमेरिकेत घर घेण्यापूर्वी तपासनीस नेमायची जुनी रीत आहे. तिथले तपासनीस उपकरण नेहमीच्या बटणांनी चालवून बघतात, उघडत नाहीत, आणि ते अजून किती वर्षं टिकेल हे सांगत नाहीत. आपल्याकडे मोठ्या शहरांत अशी सेवा देणारे निघालेत, पण खान्देशात हे काम ओळखीचा वायरमन, प्लंबर आणि घरातलं एखादं चौकस माणूस मिळूनच होतं. होतं चांगलं, फक्त क्रम ठरवून करावं लागतं.

पहिलं काम: काय घराबरोबर येणार, ते ठरवा

घर बघायला जाताना कोरा कागद न्या आणि दोन रकाने आखा, "घराबरोबर राहणार" आणि "मालक नेणार". भांडणं बहुतेक वेळा इथेच होतात. घर बघताना एसी होता, ताबा घेताना भिंतीला नुसतं भोक राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे घर विकलं की कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि घराबरोबर कायमच्या वापरासाठी केलेल्या इतर वस्तूही, वेगळं काही ठरलं नसेल तर, घेणाऱ्याकडे जातात. बोअरमधली मोटार, गच्चीवरचं सोलर, वायरिंग, बोर्ड याबाबत सहसा वाद होत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, लोखंडी कुलर हे उचलून नेण्याचं सामान. एसी, गिझर, पंखे, चिमणी, इन्व्हर्टर हे मात्र मधले. स्क्रूने बसवलेले असतात आणि तासाभरात निघतात. या मधल्या वस्तूंबद्दल कायदा उघडून वाद घालत बसण्यापेक्षा प्रत्येकीचं नाव, कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या.

त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं, की मालमत्तेतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने तो दिसण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायला हवा. तेव्हा सरळ विचारा, "यातलं काय बिघडलेलं आहे?" माणसं विचारल्यावर सांगतात, हा माझा अनुभव आहे. न विचारता कोणी सांगत नाही.

दुसरं काम: वेळ नीट निवडा

आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की गिझर बंद असला तरी नळाला गरम पाणी येतं. म्हणून गिझर आणि सोलर सकाळी सातच्या आत बघायचे. एसी आणि कुलर याच्या उलट, भर दुपारी. डिसेंबरात एसीला काही काम नसतं, खोली आधीच गार असते. थंडीत व्यवहार करत असाल तर कागदावर "एसी थंडीत तपासला, थंडावा कळला नाही" असं स्पष्ट लिहा.

बोअरचंही तसंच. पौषात धो-धो चालणारी बोअर वैशाखात पाच मिनिटांत हवा ओढायला लागते. उन्हाळ्यात बघता येत नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, "मे महिन्यात यांच्याकडे टँकर येतो का?" याचं उत्तर गल्लीत कोणीही देईल.

आणि एक चक्कर रात्री आठनंतर मारा. गल्लीतले सगळे कुलर-एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज किती पडतं, ते तेव्हाच कळतं. २३० च्या जागी १८०-१९० दिसलं तर स्टॅबिलायझरचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

मालकाला आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगून ठेवा: फ्रिज रात्रीपासून चालू ठेवा, टाकीत पाणी असू द्या, इन्व्हर्टर चार्जिंगला असू द्या. घर कित्येक महिने बंद असेल तर मुद्दाम बंद केलेली वस्तू आपण होऊन चालू करायची नाही. पाणी नसलेला गिझर किंवा कोरडी मोटार चालू केली की ती तुमच्याच हातून जळते. आधी विचारा, का बंद केली?

तिसरं काम: मीटर आणि बोर्ड

कोणत्याही वस्तूला हात लावायच्या आधी मेन बोर्ड बघायचा. बोर्ड धड नसेल तर चांगली वस्तूही धोक्याचीच.

महावितरणचं गेल्या महिन्याचं बिल मागून घ्या. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो आणि मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. "दोन एसी रोज चालतात" असं मालक म्हणतो आणि मे महिन्याचा वापर शंभर युनिटच्या आत दिसतो, तर ते एसी चालत नसावेत. मंजूर भार १ किलोवॅट आणि घरात दोन एसी, एक गिझर असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल.

मग बोर्ड. प्रत्येक जड वस्तूला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, आहे का? आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारी कळ, आहे का? नसेल तर घर घेतल्याबरोबर पहिला खर्च तो करा. घरासाठी ३० मिलिअँपिअरची लागते. असेल तर तिच्यावरचं 'टी' बटण दाबा, ती खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर ती नुसती शोभेला आहे.

अर्थिंग हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण यातच जीव जातात. तापीकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या कोरड्या मातीत अर्थिंगचा खड्डाही कोरडा होतो आणि पावसाळ्यात चांगली वाटणारी अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरती राहते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज यावं, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नको. पण मल्टिमीटर फसवतो. तो करंट ओढत नाही, त्यामुळे कच्च्या अर्थिंगवरही २३० दाखवतो. म्हणून आम्ही फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघतो. तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे, मिणमिणता नको. बोर्डात आरसीसीबी असेल तर ती लगेच पडेल, ते बरोबरच आहे. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः अजिबात करू नका. खड्डा कुठे आहे ते मात्र तुम्ही विचारा. मालकाला जागाच दाखवता आली नाही तर त्यात कित्येक वर्षांत पाणी पडलेलं नाही, असं समजा.

आता एकेक वस्तू

*गिझर.* १५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर सकाळच्या साध्या पाण्यापासून वीसेक मिनिटांत कडकडीत पाणी देतो आणि आपोआप बंद होतो. दोन्ही गोष्टी बघा. बंद होत नसेल तर थर्मोस्टॅट गेलाय. पाणी तापताना आतून तडतड किंवा खदखद आवाज येत असेल तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार कॉइलवर चढलाय. आपल्याकडे हे घरोघरी आहे, त्यावरून घर नाकारू नका, फक्त सर्व्हिसिंगचा खर्च धरा. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बारकाईने बघा. तो ठिबकतो म्हणून एमसील लावून बुजवलेला मी एका घरात पाहिलाय. असा गिझर चालू करूनही बघायचा नाही, कारण आतला दाब बाहेर पडायला वाटच उरलेली नसते.

गॅस गिझर असेल तर तो बंद बाथरूमच्या आत आहे का, एवढंच आधी बघा. आत असेल आणि हवा खेळायला जागा नसेल तर तो कितीही चांगला चालत असला तरी काढायचाच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळीला गेलेला माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतो. यावर घासाघीस करू नका.

*एसी.* दारं-खिडक्या लावून सर्वांत कमी तापमानावर वीस मिनिटं चालवा. साधा थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी धरा, जिथून हवा आत जाते. मग हवा बाहेर येते तिथे धरा. ८ ते १२ अंशांचा फरक पडला तर एसी ठीक आहे. पाण्याच्या नळीतून थेंब बाहेर पडतायत का, की भिंतीत मुरतायत? बाहेरच्या युनिटवरचं स्टिकर वाचा. त्यावर गॅसचं नाव आणि बनावटीचं साल असतं. आर-२२ लिहिलेलं दिसलं तर एसी जुन्या पिढीचा. हा गॅस ओझोनच्या थराला मारक असल्यामुळे भारतात २०३० पर्यंत हद्दपार व्हायचाय. अशा एसीची किंमत धरू नका. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात असेल तर दुपारी ते दमणारच, त्यावर छोटा पत्रा टाकता येईल का ते बघा.

"फक्त गॅस भरायचाय, बाकी एसी नवा आहे" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही.

*कुलर.* खान्देशात कुलर नाही असं घर विरळा. लोखंडी पत्र्याचा कुलर, आत पाणी, पाण्यात वीजपंप, आणि खाली ओली फरशी. हात लावायच्या आधी टेस्टर लावा, पंखा आणि पंप दोन्ही चालू असताना. मग बटण बंद करून पिन काढून बघा. अर्थची तिसरी, जाडी पिन कापलेली किंवा मोडलेली बऱ्याचदा सापडते, कारण जुन्या बोर्डात ती बसत नव्हती. ती पिन नसली की अर्थिंग कितीही चांगली असून त्या कुलरला तिचा उपयोग नाही. ताबा घेतल्यावर घरातल्या प्रत्येकाला सांगा, पाणी भरताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग पाइप.

*बोअरची मोटार.* ही खोल खाली असते, दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या पेटीवरचे काटे बघायचे. सुरू झाल्यावर अँपिअरचा काटा स्थिर राहतो का? मोटारीचा कागद असेल तर त्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. घड्याळ लावा आणि १००० लिटरची टाकी भरायला किती वेळ लागतो ते लिहा. वीस-पंचवीस मिनिटं सलग चालू द्या. मध्येच धार तुटून हवा यायला लागली तर मोटार चांगली आहे, पाणी कमी आहे. मालकाला विचारा, बोअर किती फूट, मोटार किती फुटांवर सोडलीय, शेवटची वर कधी काढली. ज्याला हे तीन आकडे तोंडपाठ आहेत, त्याने घराची काळजी घेतलेली असते.

*सोलर.* सूर्य वर यायच्या आत पाणी गरम मिळालं तर टाकीचं इन्सुलेशन शाबूत. काचेच्या नळ्या मोजा, एखादी आतून दुधासारखी पांढरी झाली असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेलीय. नळाला धार बारीक येत असेल तर क्षार.

*इन्व्हर्टर.* मेन बंद करा आणि घरातले पंखे-दिवे अर्धा तास चालवा. पाच मिनिटांत काही कळत नाही, मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा पाच मिनिटं ओढते. बॅटरीवरची तारीख वाचा. हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, असेल तर सहाही खान्यांचा काटा सारखा यायला हवा. एक खाना मागे पडला की बॅटरी गेल्यात जमा.

*फ्रिज, वॉशिंग मशीन.* मालक नेणारच असेल तर वेळ घालवू नका. राहणार असतील तर फ्रिजच्या दारात नोट अडकवून दार लावा आणि ओढा. अलगद निघून आली तर रबर ढिला. वॉशिंग मशीन रिकामं न फिरवता पाणी भरून लहान सायकल पूर्ण करा. पिळताना ते नाचतं का आणि पाणी सगळं उपसतं का, हे शेवटच्या तीन मिनिटांतच दिसतं.

*स्वयंपाकघर.* चिमणीला कागद चिकटतो का, हे सगळेच बघतात. मी घरातल्या ताईंना तव्यावर दोन लाल मिरच्या टाकायला सांगतो. शेवभाजीचा मसाला ज्या घरात भाजला जातो तिथली चिमणी मिरचीच्या खकाण्यावरच तपासावी. दोन मिनिटांत हॉलमध्ये ठसका लागला तर चिमणी नुसती आवाज करते. मग पाइप बाहेर निघालाय की माळ्यावर सोडून दिलाय, ते बघा. आरओला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दोन्ही पाण्यांना. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरलंय, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. बाहेरचा आकडा आतल्याच्या जवळ जायला लागला की मेंब्रेन बदलायचं.

गॅसच्या नारिंगी नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदलायची. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि कुठलंही बटण दाबायचं नाही. गळतीसाठीचा फोन १९०६. नळी, शेगडी घराबरोबर घेता येते, पण मालकाच्या नावाचं गॅस कनेक्शन तसंच वापरायचं नाही. तुमचं कनेक्शन तुमच्याच नावावर बदलून आणा.

*पंखे* सगळे पाचव्या नंबरवर एकदम चालवा. डगमगणारा पंखा दिसला तर वरचा हुक बघा, पाती नंतर.

कागद

तपासणी झाली की तिथेच बसून प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: "काम करताना पाहिली", "चालू केली पण काम कळलं नाही", "बंद". बनावटीचं साल आणि स्टिकरचा फोटो सोबत. किती वर्षं टिकेल, हे मी कोणालाही सांगत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॉम्प्रेसर उद्या जाईल की सहा वर्षांनी, हे बाहेरून कोणालाच कळत नाही.

ही यादी सौदा पावतीला जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या. बंद वस्तूंचं काय, तेही त्यातच लिहा: मालक दुरुस्त करून देणार, की किमतीतून वजा होणार. मी शक्यतो वजाच करायला सांगतो. विकायच्या घाईतली दुरुस्ती स्वस्तातली होते.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल तर रेराच्या, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे बांधकाम, कारागिरी आणि सोयींमधले दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कळवले, तर बिल्डरने ते तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचे असतात. वायरिंग, अर्थिंगसारख्या कामांचे दोष तिथे मांडता येतात. त्याने बसवून दिलेल्या एसी-गिझरसाठी मात्र कंपनीची वॉरंटी कार्डं वेगळी मागून घ्या.

ताब्याच्या दिवशी सामान आत आणायच्या आधी तीच यादी घेऊन पुन्हा फिरा. मॉडेल नंबर ताडा. मीटरचं रीडिंग दोघांसमोर लिहा, त्याचा फोटो काढा, शेवटचं बिल भरल्याची पावती घ्या आणि वीजजोडणीवर नाव बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात करा. वरच्या काकांनी असंच केलं. गिझरचे पैसे वजा झाले, आरसीसीबी बसली. अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली विटांनी झाकलेला सापडला. आता त्या खड्ड्यात दर रविवारी झाडाबरोबर एक बादली पाणी पडतं.